सोदोता खोऱ्यातले अकरा

३ नोव्हेंबर

मेलेला सापडला. सोदोताच्या ओढ्याकाठी, अर्धा पाण्यात. वाकड्या शेपटीचा नर. कालच संध्याकाळी त्याला घुशीच्या बिळापाशी बसलेला पाहिलं होतं — कान पुढे, अजिबात हलत नव्हता. मला वाटलं, शिकारीवर टपलाय. बावीस वर्षं या डोंगरावर लांडगे मोजतोय आणि आजारी लांडगा ओळखता आला नाही मला!

अंगावर जखम नाही. ओठांना सुकलेला फेस.

कार्यालयाच्या वहीत लिहिलं — ‘नर, सहा वर्षं, मृत, कारण अज्ञात.’ तिथे तसंच लिहायचं असतं. इथे खरं लिहितो. मला भीती वाटतेय. कालपर्यंत खोऱ्यात अकरा होते, आता दहा. आणि बिळात आयोची, कळपातल्या थोरल्या मादीची, पिल्लं आहेत, अजून उजेडही न पाहिलेली.

४ नोव्हेंबर

फोन फक्त कड्यावर लागतो. चढून गेलो, जनावरांच्या डॉक्टर हिरुतबाईंना सांगितलं. आधी म्हणाल्या, ‘उघड्या हातानं शिवला नाहीत ना, ओबो मुझैन?’ (ओबो म्हणजे आमच्यात मानानं ‘दादा’.) मग म्हणाल्या, ‘डोकं पाठवा. तपासल्याशिवाय कुणी काही करू देणार नाही.’

हातमोजे घालून कापलं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

५ नोव्हेंबर

बर्फाच्या पेटीत डोकं, पेटी मांडीवर, बसमध्ये चार तास. शेजारी बाजाराला निघालेली एक बाई.

‘लोणी का?’

‘हो.’

‘डोंगरावरचं? वास नाही येत.’

‘घट्ट बांधलंय.’

‘मला द्या की थोडं. सुनेचं बाळंतपण आहे.’

आधीच विकलंय म्हणून सांगितलं. उतरताना म्हणाली, ‘डोंगरवाले चिकट ते चिकटच!’ मला हसू आलं. मग शहर येईपर्यंत तोंड खिडकीकडे करून बसलो.

७ नोव्हेंबर

पहाटे गवतावर दंव गोठलेलं. माझ्या घोडीवर, दामावर बसून खोऱ्यात गेलो.

उन्हं यायच्या आधी सगळे उठले आणि रोजच्यासारखे एकमेकांना भेटले. शेपट्या हलवत, कुईकुई करत, एकमेकांची तोंडं चाटत. दिवसभर मात्र ज्याची त्याची शिकार वेगळी. घूस ती केवढी, वाटून काय खाणार? म्हणून जी काय माया ती सकाळ-संध्याकाळ. बावीस वर्षं मला यांचं हेच सगळ्यांत आवडलं. थंडीत कुडकुडत तेवढ्यासाठी थांबायचो. आज बघवेना. लाळेतून जाणारा रोग, आणि हे असे तोंडाला तोंड लावून!

रुसकी तेवढी लांब बसली होती. दोन वर्षांची मादी, घर सोडून जायचं वय झालेलं. कुणाला चाटायला जात नाही, कुणी जवळ आलं की गुरगुरते. एरवी मी तिला माणूसघाणी म्हणून शिव्या घालतो. आज म्हटलं, बस बाई, लांबच बस.

आयो शेवटी आली. थानं भरलेली, डाव्या कानाचा तुकडा नसलेली. नऊ वर्षांची झाली. आमच्यात आईला आयो म्हणतात. या खोऱ्यातले बहुतेक तिचेच, म्हणून ते नाव. ती सरळ दामाजवळ आली, घोडीचा मागून वास घेतला. दामा गाभण आहे, जानेवारीत विणार. आमचे लोक लांडग्याला घोड्याचा कोल्हा म्हणतात ते यासाठीच — गाभण घोडीच्या मागेमागे फिरतो, वार खायला मिळावी म्हणून. दामाच्या मागच्या दोन्ही वेळची वार आयोनंच खाल्ली. माझ्याकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. कधीच पाहत नाही.

९ नोव्हेंबर

घरी दूध नाही. बायको, शाशे, सकाळपासून भांडी आपटतेय. आमची दुभती गाय दालेचा जुलैपासून वरच्या कुरणात, मोमिनाच्या गोठ्यावर आहे. मोमिनाचा नवरा गेला, पदरात तीन पोरं. मग आमच्या रीतीनं गाय दिली — गाय मालकाची, दूध नेणाऱ्याचं, वासरू सुटलं की गाय परत. गुर्राही गायीमागे निघून गेला. तो काळा कुत्रा दालेचाच्या वासराबरोबरच वाढला, त्याला कुणी पाठवलं नव्हतं. दारात आता म्हातारी कुत्री तेवढी.

शाशे म्हणाली, ‘कुत्राही तुमच्याच वळणाचा. घरचं सोडून दुसऱ्याची राखण!’

बिनदुधाची कॉफी मीठ घालून प्यालो आणि शेजारी अब्दुर्रोकडे दुसरी प्यायला गेलो. एक दिवस त्यांच्याकडे, एक दिवस आमच्याकडे, अठरा वर्षं चाललंय. त्याचा कुत्रा बुशो खुंट्याला बांधलेला होता. मला बघून शेपटी हलवली. दर पावसाळ्यात गावातल्या कुत्र्यांना लस मीच टोचतो, पण अब्दुर्रोनं त्याला एकदाही टोचू दिलेलं नाही. ‘सुई टोचलेला कुत्रा तरसाला सलाम करतो,’ म्हणतो. दरवर्षी म्हणतो आणि दरवर्षी मी हसतो.

आज हसलो नाही.

१२ नोव्हेंबर

आणखी दोन. दोन्ही माद्या.

१३ नोव्हेंबर

डॉक्टरबाईंना विचारलं, लस आहे ना? आहे. शहरात शीतपेटीत, खोऱ्यातल्या सगळ्यांना पुरेल एवढी. बकऱ्याच्या मांसात दडवून ठेवायची, लांडगे खातात. मग द्या! — तर नाही. लांडग्याला लस द्यायला राजधानीतून लेखी परवानगी लागते, आणि परवानगीला डोक्याचा अहवाल लागतो. अहवालाला यंत्र लागतं आणि यंत्र बंद आहे. असं हे घोडं पेंड खातंय.

‘मीसुद्धा रोज फोन करतेय, ओबो,’ म्हणाल्या. आवाज रडवेला होता, म्हणून फोन ठेवला.

१४ नोव्हेंबर

शुक्रवारची नमाज झाल्यावर मशिदीबाहेर सगळे थांबले होते. मी बोलायला उभा राहिलो. म्हटलं, हा रोग लांडग्यांच्यात जन्मत नाही, कुत्रा आणून देतो. कुणाचा तरी न टोचलेला कुत्रा खोऱ्यात गेलाय. लोक जोडे शोधायला लागले. मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, ‘या गावात न टोचलेला कुत्रा एकच आहे, तो कुणाचा ते सगळ्यांना ठाऊक आहे.’

अब्दुर्रो म्हणाला, ‘माझा बुशो? तो मुतायलासुद्धा कुंपणाबाहेर जात नाही.’

‘दोर रोज बांधलेला असतो?’

‘तुझे बांधलेले असतात का?’

‘माझे दोन्ही टोचलेत. दरवर्षी पहिली सुई माझ्या घरात. वही काढून दाखवू?’

वही काढायची वेळ आली नाही. म्हातारे हाजी वारिओ म्हणाले, ‘पोरांबाळांचं गाव आहे, अब्दुर्रो.’ एवढंच. अब्दुर्रो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटत होतं मी बरोबर आहे.

१५ नोव्हेंबर

अब्दुर्रोनं बुशोला ओढ्यापलीकडे नेलं. परत आला तेव्हा हातात नुसता दोर.

१८ नोव्हेंबर

काल आमची पाळी होती. शाशेनं कॉफी भाजली, कांडली, हाक मारली. त्यांच्याकडून कुणी आलं नाही. आमच्यात एका बैठकीत कॉफी तीनदा ओततात; तिनं तिन्ही वेळचे त्यांचे पेले ओतून ठेवले. निवाले. आज त्यांच्याकडून हाक नाही.

‘कुत्रा काय, दुसरा आणता येईल,’ मी म्हटलं.

‘बोला, बोला,’ शाशे म्हणाली. ‘जंगलातल्या लांडग्यांना नावं देता आणि शेजाऱ्याच्या कुत्र्याला म्हणता कुत्रा काय.’

आणखी एक गेला. खोऱ्यात सात उरले.

२१ नोव्हेंबर

वरच्या कुरणातले सगळे गोठे पालथे घातले. सतरा. प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न — न टोचलेला कुत्रा आहे का? पाच कुत्रे निघाले, पाचही टोचले. एकानं पाय धरू दिला नाही, मालकानं त्याच्यावर बसून धरला.

शेवटी मोमिनाचा गोठा. सूर्य कलला होता, धुकं चढत होतं. उतरलं की दूध आलं, कॉफी आली, तीनदा प्यायची आली. नाही प्यायलं तर बाईला वाटणार, गाय दिलीय म्हणून तोरा दाखवतो. म्हणून घोडीवरूनच ओरडलो, ‘मोमिना! तुझ्याकडे कुत्रा आहे का?’

दारात आली, हात हलवून ओरडली, ‘नाही ओबो! माझ्याकडे कुत्रा नाही! उतरा ना, दोन शब्द बोलायचेत!’

‘नंतर येतो!’ म्हटलं आणि निघालो. वहीत लिहिलं — मोमिना, कुत्रा नाही.

आता कोपरान् कोपरा तपासून झाला. एवढं तरी माझ्या हातचं होतं.

२४ नोव्हेंबर

दोन गेले. एक माझ्यासमोर. उठायचा, मागचे पाय लुळे, पुढच्या पायांनी अंग ओढायचा, दगड चावायचा. मी शंभर पावलांवर. जवळ जायचं नाही, मारायचंही नाही, असा नियम. चार तास लागले त्याला. मी दामाच्या मानेत तोंड घालून उभा होतो. पाच उरले.

२७ नोव्हेंबर

अहवाल आला. रेबीज. जसं काही मला सांगायला हवं होतं! अर्ज आता राजधानीत ‘पुढे सरकलाय’ म्हणे.

१ डिसेंबर

पिल्लं बाहेर आली! पाच. काळपट, गोल पोटाची, उन्हाकडे डोळे मिचकावून बघणारी. एक पडलं, त्याच्यावर दुसरं पडलं. आयो बिळाच्या तोंडाशी आडवी झाली आणि पाचही लुचायला लागली.

पंधरा मिनिटं मी सगळं विसरलो होतो. आनंद झाला, खोटं कशाला लिहू.

३ डिसेंबर

आयोनं आज दामाचा वास घेतला नाही. ओढ्यापर्यंत आली, पाण्याकडे पाहिलं आणि मागे सरकली.

४ डिसेंबर

कड्यावर जाऊन फोन. पत्र नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, सही करणारे साहेब दौऱ्यावर आहेत. मी म्हटलं, मी परवानगीवाचूनच मांस ठेवतो, मला तुरुंगात घाला. म्हणाल्या, ‘घालतील. आणि पुढच्या साथीला या डोंगरावर कुणालाच लस देऊ देणार नाहीत. आणि आयोचं म्हणाल, तर पाण्याला घाबरायला लागल्यावर लस उपयोगाची नाही, ओबो. हे तुम्हालाही ठाऊक आहे.’

ठाऊक आहे.

६ डिसेंबर

आयो गेली.

बिळापासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब जाऊन मेली. आजारी होती म्हणून भरकटली असेल, डॉक्टरबाई तसंच म्हणतात. मला वाटतं पिल्लांपासून दूर गेली. वहीत ‘मादी, नऊ वर्षं, मृत’ लिहिलं आणि पेन चालेना. घरी येऊन शाशेसमोर रडलो. तिनं बार्लीचं पीठ लोण्यात मळून समोर ठेवलं आणि मी खाईपर्यंत बसून राहिली.

१० डिसेंबर

अब्दुर्रोचं गाढव तरसानं नेलं. त्या नवरा-बायकोचं सगळं पाणी ते एक गाढव वाहायचं. कुंपणाला भगदाड. भुंकणारं कुणी नव्हतं. सकाळी अब्दुर्रो काटे लावून भगदाड बुजवत होता. मी मदतीला गेलो.

‘राहू दे,’ म्हणाला. ‘तू तुझे लांडगे मोज.’

१४ डिसेंबर

पिल्लांना पाजणारी दुसरी मादी होती, आयोची थोरली लेक. ती आज सकाळी बिळाच्या तोंडाशीच पडलेली. पिल्लं तिला लुचत होती. दुर्बिणीतून सगळं दिसतं, हीच तर खोट. शिवायचं नाही, खायला घालायचं नाही, उचलून आणायचं नाही. तिथून निघालो, लगाम सोडून दिला. दामाला चालवायचीही गरज पडली नाही, तिची तीच घरी आली.

१७ डिसेंबर

तीन पिल्लं.

२० डिसेंबर

एक पिल्लू. मोठ्यांतला म्हातारा लंगडा नर, पिल्लाला तोच कसंबसं खायला आणतो, आणि रुसकी. बाकी नाव घ्यायलाही कुणी नाही.

आज पहाटे भेटायची वेळ झाली तेव्हा लंगडा उठला, इकडे गेला, तिकडे गेला. चाटायला कुणी नव्हतं. मग आडवा झाला.

२६ डिसेंबर

पत्र आलं! शिक्का, सही, सगळं. ‘सोदोता खोऱ्यातील अकरा लांडग्यांना लस देण्यास परवानगी देण्यात येत आहे.’

शाशेला वाचून दाखवलं. म्हणाली, ‘बैल गेला नि झोपा केला.’

२९ डिसेंबर

डॉक्टरबाई स्वतः आल्या. मांसाचे तुकडे ठेवले. लंगड्यानं वास घेतला आणि सोडून गेला. रुसकीनं खाल्ला. चावला, गिळला, जीभ फिरवली! डॉक्टरबाईंनी माझा दंड एवढ्या जोरात धरला की वळ उठला. अकरांतली एक.

२ जानेवारी

लंगडाही गेला. म्हातारपणानं की रोगानं, कोण सांगणार? डोकं पाठवायचं नाही म्हणतात आता, कारण कळलेलंच आहे.

३ जानेवारी

हे नीट लिहून ठेवायला हवं.

रुसकी सकाळी घूस मारून आली. बिळापाशी थांबली. पिल्लू बाहेर आलं आणि पोटावर घसटत तिच्या तोंडाशी गेलं. मला वाटलं गुरगुरणार, नेहमीसारखं. पिल्लानं तिचं तोंड चाटलं. ती शहारली, मागे झाली, पुन्हा पुढे आली — आणि खाल्लेलं सगळं त्याच्यासमोर ओकली. पिल्लू तुटून पडलं. तिनं त्याचं डोकं चाटलं. दोन वर्षांत मी तिला कुणाला चाटताना पाहिलेलं नाही.

सगळ्यांपासून लांब राहिली म्हणूनच वाचली, असं मला वाटतं. तिला किती शिव्या घातल्या मी.

१४ जानेवारी

दामा व्याली. शिंगरू, तांबूस, लांबच लांब पायांचं. वार उचलून टेकाडावर ठेवली, दरवेळी ठेवतो तिथेच. कुणी येईल असं वाटत नव्हतं. शाशे म्हणाली, थंडी वाजेल, आत या. मी घोंगडं घेऊन बसलो.

दुपारी रुसकी आली. थोडं मागे, धडपडत, पिल्लू. दोघांनी खाल्लं. जाताना रुसकीनं दामाचा मागून वास घेतला, अगदी आयोसारखा. तिला हे कुणी शिकवलं?

दोन आहेत. दोन म्हणजे सुरुवात असू शकते. आज घरात सांगितलं, पुढच्या पावसाळ्यात गावातला एकही कुत्रा सोडणार नाही. अब्दुर्रोला नवं पिल्लू मी आणून देईन, टोचूनच. त्याची चूक होती, पण माणूस चांगला आहे. माफ करायला हवं.

१९ जानेवारी

बार्ली कापून झाली, वरचे गोठे उतरले. मोमिना दालेचाला परत घेऊन आली. सोबत वासरू आणि आभाराचं लोणी. मी गायीच्या मागे पाहिलं.

‘गुर्रा कुठंय?’

‘तो तर मेला, ओबो. सप्टेंबरातच. आधी एक उपरा कुत्रा त्याला चावून गेला. मग महिन्यानं पाणी पिईना, तोंडाला फेस. शेवटी ओढ्याकडं पळत सुटला, लांडग्यांवर धावून गेला. तिथंच मेला.’

कुणा माणसाला चावला? नाही. तीनदा विचारलं. नाही.

‘मग सांगितलं का नाहीस?’

‘तेच तर सांगणार होते, तुम्ही घोडीवरून उतरला नाहीत. तुम्ही विचारलंत, तुझ्याकडे कुत्रा आहे का. माझा कुठं होता? आणि मला वाटलं, तुमच्या घरचा, त्याला तर पहिली सुई.’

ऑगस्टची लसीची वही काढली. पहिलं पान, पहिली ओळ, माझं अक्षर — ‘स्वतःचं घर, कुत्रे दोन, दोन्ही टोचले.’ त्या दिवशी गुर्रा वरच होता. वर जाईन तेव्हा टोचेन म्हणून आधीच लिहून टाकलं, आणि विसरलो.

अब्दुर्रोच्या अंगणात बुशोचा खुंटा अजून तसाच आहे. सकाळी वही घेऊन जाणार आहे. कॉफीची हाक आलेली नाही, तरी जाणार आहे.